पिल्लाचा रकाना

कागदावर सहा रकाने होते. तारीख, वेळ, वारा, किती दिसल्या, कुठे दिसल्या आणि शेवटचा पिल्लाचा. त्या शेवटच्या रकान्यात मी सात सकाळी शून्य लिहिलं आणि सातही वेळा ते खोटं होतं. कुणी लिहायला लावलं नव्हतं. मीच लिहिलं. का लिहिलं आणि त्यानं किती घाबरायची पाळी आली, तेवढंच सांगायचं आहे.

मी चौथी शिकलेली. दापोलीकडच्या बंदरावर चाळीस वर्षं मासळी विकली. नवरा गेल्यावर मुलानं मला इकडे अबुधाबीकडच्या रुवैसला आणलं. तो तेलाच्या कारखान्यात सुपरवायझर, सून दवाखान्यात औषधं देते, नात सातवीत. सकाळी साडेसहाला तिघं तीन दिशांना जातात आणि घरात एसीचा आवाज आणि मी. पहिलं वर्ष मी टीव्ही बघितला. दुसऱ्या वर्षी समुद्रावर जायला लागले. घरापासून चालत वीस मिनिटं. हा समुद्र माझ्या ओळखीचा नाही. याला वास कमी, लाट कमी, आणि पाणी इतकं स्वच्छ की त्यात मासळी असेल असं वाटत नाही.

तिथे एका उंचवट्यावर पत्र्याची शेड आहे. नातीच्या शाळेतली एक टीचर, केरळची बाई, शनिवारी चार-पाच लोकांना घेऊन तिथे बसायची. त्या खाडीच्या तळाला गवत उगवतं आणि ते खायला समुद्रगाई येतात. गाय म्हणतात, पण तोंड डुकरासारखं आणि अंग भरलेल्या पोत्यासारखं. श्वास घ्यायला चार-पाच मिनिटांनी नाक वर काढतात. दोन क्षण. तेवढ्यात दिसली तर दिसली. ही माणसं ती मोजायची. पगार नाही, चहासुद्धा आपला आपण आणायचा.

एकदा ती सगळी दुर्बिणी लावून बसली होती आणि मी मागे उभी राहून म्हटलं, "वो उधर. बाएँ को." टीचरनं दुर्बीण फिरवली, मग माझ्याकडे बघितलं. मी आणखी दोन दाखवल्या. होड्या परत येताना कुणाची होडी कुठली, हे मी डोळ्यावर हात धरून ओळखायची. दुर्बिणीची गरज मला तेव्हाही नव्हती.

ती म्हणाली, "अम्मा, आप रोज़ आती हैं?"

"और क्या काम है?"

तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते नऊची पाळी माझी. फॉर्म मुलाच्या ओळखपत्रावर भरला, कारण मला इंग्रजी येत नाही. कागदावर फक्त आकडे आणि खुणा करायच्या होत्या. संध्याकाळी नात ते फोनवरून टीचरला पाठवायची.

नियम तीनच. पाण्यात उतरायचं नाही. आवाज करायचा नाही. आणि पिल्लू दिसलं तर त्याच दिवशी टीचरला फोन करायचा. पिल्लू आहे म्हटलं की खाडीतली वाट बोटींना बंद होते, त्यांना बाहेरच्या पिवळ्या तरंगत्या पिपांच्या पलीकडून वळसा घालावा लागतो. पिल्लू नसलं की वाट उघडी. टीचरनं आम्हाला एक फोटो दाखवला होता. बोटीचा पंखा लागलेलं जनावर. बांगड्याला तिखटमीठ भरायला चिरा देतात तशा पाठीवर ओळीनं चिरा. मी आयुष्यभर मासे कापले. तो फोटो मी पुन्हा बघितला नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी मला पिल्लू दिसलं. आदल्या दिवशी तीच मादी एकटी होती. तिच्या नाकाजवळ पांढरा ओरखडा आहे, म्हणून ओळखते. बुधवारी तिच्या कुशीला एक लहान, फिकट, सुरकुतलेलं काहीतरी होतं. त्याला श्वास घेता येत नव्हता धड. आई नाक तेवढं काढायची, ते छातीपर्यंत वर यायचं आणि धपकन पडायचं. नवं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मी पेन उचललं आणि शून्य काढलं.

आता यामागचं सांगते. माझी पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. नवरा हौशी. तिसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन तिची नोंद करून आला, येताना पेढे घेऊन आला. नवव्या दिवशी ती दूध प्यायची थांबली. सासू म्हणाली, "बाराव्याच्या आत कागदावर चढवलीत. घाई केलीत." त्यानंतर आमच्या घरात बारा दिवस मूल मोजायचं नाही, त्याचं वजन करायचं नाही, नाव घ्यायचं नाही, कागदावर लिहायचं नाही. मुलाची नोंद तेराव्या दिवशी केली. नातीच्या वेळी अबुधाबीच्या दवाखान्यात नर्स कागद घेऊन आली, तर मी फोनवरून मुलाला इतकं बोलले की तो दोन आठवडे थांबला आणि नंतर ऑफिसात बोलणी खाल्ली. सासू अडाणी होती हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि लिहायला हात उचलणं वेगळं.

म्हणून मी ठरवलं, बारा दिवस होऊ देत. तेराव्या दिवशी फोन करीन. बारा दिवसांत काय बिघडतंय? खाडीत बोटी रोज येतात कुठे?

गुरुवारी दोन दिसली. शुक्रवारी दोन. मी शून्य आणि शून्य. शनिवार-रविवार वारा सुटला, समुद्र पांढरा झाला, सुट्टीच्या पाळीवाल्यांना आई दिसली नाही तर पिल्लू कुठलं. सोमवारी ते पुन्हा होतं. पिल्लू आईच्या पाठीवरून घसरत दुसऱ्या बाजूला जायला शिकलं होतं. मी बोटांवर मोजत होते. सहा. सात. आठ.

गुरुवारी नात शाळेतून आली, बूट काढता काढता म्हणाली, "आजी, टीचरने ग्रुपवर मेसेज टाकलाय. युवर नेम इज देअर. म्हणजे 'अम्मा' असं लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

तिनं वाचून दाखवलं आणि मग मराठीत सांगितलं. शनिवारी एका कंपनीच्या लोकांची बेटावर सहल आहे. बारा बोटी. या महिन्यात खाडीत पिल्लाची नोंद नाही, त्यामुळे आतल्या वाटेनं जायला परवानगी मिळाली आहे. रोज न चुकता कागद भरल्याबद्दल अम्मांचे आभार.

तो नववा दिवस होता.

मी ओट्याला धरून उभी राहिले. गॅसवर आमटी उकळत होती ती उतू गेली, तरी मला दिसली नाही. नातीनं गॅस बंद केला.

"आजी, व्हॉट हॅपन्ड?"

"तिथे पिल्लू आहे."

"सिन्स व्हेन?"

"नऊ दिवस."

ती फोनवर माझे कागद बघायला लागली. एकेक सरकवून बघितला. मग म्हणाली, "बट यू रोट झिरो. मी पाठवलंय ते. आय सेंट इट."

ती मला काही वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

मुलगा संध्याकाळी आला. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो रागावेल. तो घाबरला. पहिलं वाक्य त्याचं हे, "सही कुणाची आहे?"

"माझी. इंग्रजीत नाही. आपली."

"आणि फॉर्मवर माझा आयडी. आई, तुला कळतं का? हे सरकारी काम आहे. खोटी माहिती दिली म्हणून उद्या कुणी विचारलं तर कोणाला विचारतील? तुला?" तो उठून खिडकीचा पडदा ओढून आला. बाहेर कोण ऐकणार होतं कुणास ठाऊक. "गप्प राहा. समुद्र मोठा आहे. बोटी दहा मिनिटांत निघून जातील. इन्शाल्ला, काही होणार नाही."

"आणि झालं तर?"

"तर कुणाला कळणार आहे?"

माझा मुलगा भित्रा आहे. त्याला बारा दिवस कागदावर न चढवणारी मीच, तेव्हा तो कुठून शिकला हे विचारायला नको. पण तो चुकीचं बोलत नव्हता. इथे आम्ही नोकरी आहे तोवर आहोत. नोकरी गेली की घर, शाळा, सगळं महिन्याभरात खलास. शेजारचं एक कुटुंब असंच गेलं, त्यांच्या कुंड्या अजून जिन्यात आहेत. एकीकडे ते जनावर आणि एकीकडे माझं घर, आणि दोन्हीकडे वाट मीच उघडून ठेवलेली. रात्र कशी गेली ते सांगत नाही.

शुक्रवारी सकाळी मी शेडवर गेले. दोन्ही होती. बांगड्याच्या चिरा डोळ्यांपुढून हलेनात. मी कागदावर काहीच लिहिलं नाही. टीचरला फोन लावला.

"टीचर, बच्चा है."

"अरे वा अम्मा. आज दिखा?"

"दस दिन से है. मैंने नहीं लिखा."

पलीकडे शाळेची घंटा झाली, मुलांचा गलका झाला. मग ती म्हणाली, "क्यों?"

मी सांगितलं. माझ्या हिंदीत जेवढं जमलं तेवढं. मुलीचंही सांगितलं. फोनवर कुणाला ते मी कधी सांगितलं नव्हतं. ती "अच्छा" म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी तिचा फोन आला. शुक्रवार, ऑफिसं अर्धा दिवस. परवानगी देणारा साहेब भेटला, पण आता सोमवारशिवाय कागद बदलत नाही म्हणाला. बोटवाल्यांना विनंती करता येईल. "सिर्फ रिक्वेस्ट, अम्मा. रोक नहीं सकते. कल साढ़े छह बजे जेट्टी पर आइए. आपने देखा है, आप ही बोलिए."

मुलाला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. ताट सरकवलं. मग म्हणाला, "साडेसहाला नाही, सव्वासहाला निघू. पार्किंग मिळत नाही."

शनिवारी त्यानं गाडी लावली आणि म्हणाला, "मी गाडीतच बसतो." मी उतरले. अकरावा दिवस.

जेट्टीवर जत्रा होती. नारिंगी जाकिटं घातलेली मुलं, चटया, बर्फाच्या पेट्या, बिर्याणीची पातेली. टीचर एका शिट्टीवाल्या माणसाशी बोलत होती, तो सहलीचा व्यवस्थापक. तो हसून हसून एकच सांगत होता, "मैडम, परमिशन है ना. बच्चे कब से खड़े हैं. यल्ला, यल्ला." टीचर कागद दाखवत होती आणि तो कागदाकडे बघतही नव्हता. आणि कागदावर तर शून्यच होतं. माझं.

मी बोटींकडे गेले. तिसऱ्या बोटीवर एक पन्नाशीचा माणूस खलाशावर ओरडत होता, "अरे दोरी सोड म्हटलं की सोडायची, वरातीला आलायस काय?" मी त्याच्यापुढे उभी राहिले.

"कुठला तू?"

त्यानं वर बघितलं. "गुहागरचा. तुम्ही?"

"दापोली. बंदरावरची."

"मग आजी, जाकीट घाला नि बसा. गाववाल्यांना जागा आहे."

"बसायला नाही आले. खाडीतनं जाऊ नकोस. आत जनावर आहे. समुद्रगाय."

तो हसला. "ती मोजणारी माणसं तुम्हीच होय? आमच्यात म्हणतात, यांना घरी काम नाही."

"नाहीच आहे. ऐक. ती बाळंतीण आहे. पिल्लू आहे कुशीला. त्याला अजून धड बुडी मारता येत नाही, बोट आली की ते खाली जाणार नाही, वरच राहील."

त्याचं हसणं अर्धंच राहिलं. दोरी हातात धरून त्यानं विचारलं, "कितवा दिवस?"

"अकरावा."

त्यानं खाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मग आधी नाही सांगायचं?"

"बाराव्याच्या आत कसं सांगू?" मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. त्याला आणखी समजवावं लागलं नाही. इतक्या दिवसांत हे एकाच माणसाला समजवावं लागलं नाही. त्यानं तोंडात बोटं घालून शिट्टी मारली आणि शेजारच्या बोटीला हिंदीत सांगितलं, "बाहर से लेंगे. पीपे के बाहर से. हाँ, बीस मिनट ज़्यादा. बोल देना इंजन गरम है." शेजारच्यानं पुढच्याला सांगितलं. व्यवस्थापक शिट्टी फुंकत धावत आला तेव्हा गुहागरवाला त्याला शांतपणे म्हणाला, "साब, पानी कम है अंदर. फँस गए तो लंच वहीं."

पण तोवर पहिल्या दोन बोटी सुटल्या होत्या. त्यांत साहेब लोक होते, इंजिनं मोठी. आमच्या डोळ्यांसमोर त्या वळल्या आणि सरळ खाडीत शिरल्या. मागे दोन पांढऱ्या रेघा उमटत गेल्या, गवताच्या बरोबर मधून, जिथे मी रोज खूण करायची तिथून.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. टीचर पळत सुटली. मला पळता येत नाही. मागून मुलानं दंड धरला. तो गाडीतून कधी उतरला ते मला कळलं नाही. "चल," म्हणाला. त्यानं मला त्या उंचवट्यावर जवळजवळ ओढत नेलं.

वर पोचलो तेव्हा बोटी निघून गेल्या होत्या. रेघा विरत होत्या. तळ ढवळून पाणी गढूळ झालेलं. टीचरनं तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण लावली. मी डोळ्यावर हात धरला. मुलगा बाजूला उभा.

आई वर आली. नाकाजवळ पांढरा ओरखडा. ती एकटी होती.

मी मोजायला लागले. आमच्याकडे मासळी मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सवयीनं तोंडातून तेच आलं. लाभ. पाच मिनिटं. दोन. तेव्हाही एकटी. तीन. मुलानं घड्याळात बघितलं. चार. गढूळ पाण्यात काही लाल दिसतंय का म्हणून मी बघत होते आणि दिसू नये म्हणून डोळे मिटावेसे वाटत होते. मेलेली मासळी मी टोपल्यांनी बघितली आहे. माणसंही बघितली. पण माझ्या हातच्या शून्यानं मेलेलं काही बघायला लागेल, याची जी भीती बसली, तशी मला मुलीच्या नवव्या दिवशीही बसली नव्हती. तेव्हा दोष द्यायला नवरा होता.

पाच. सहा. ती एकाच जागी वर येत होती, फिरत नव्हती. "ढूँढ रही है," टीचर हळूच म्हणाली. म्हणायला नको होतं, हे तिलाही कळलं.

सातव्या वेळी ती वर आली आणि वळली. इतका वेळ तिचं जेट्टीकडचं अंगच आम्हाला दिसत होतं.

"दो," टीचर म्हणाली. "अम्मा, दो."

"झूठ मत बोलो."

"देखिए."

मी त्या दुर्बिणीला डोळा लावला. त्यातून मला नीट दिसत नाही, सगळं थरथरतं. पांढरा ओरखडा दिसला. त्याच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, फिकट सुरकुतलेल्या पाठीची कमान. पिल्लू तिच्या पलीकडच्या अंगाला चिकटून होतं. बोटींच्या आणि त्याच्या मध्ये ती. छातीपर्यंत वर आलं आणि धपकन पडलं.

मुलगा खाली दगडावर बसला. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "चहा कुणी आणलाय का?" कुणीच आणला नव्हता.

टीचरनं पिशवीतून माझे सातही कागद काढले. छापून आणले होते. सोबत लाल पेन. म्हणाली, "अम्मा, हर एक पर. आज की तारीख डालके." शेडमधल्या बाकावर बसून मी सात शून्यं खोडली, बाजूला एक लिहिलं, सात सह्या केल्या. आठवा कागद कालचा, कोरा. नववा आजचा. त्यावरही लिहिलं. बारावा दिवस उद्या होता. पेन टेकवताना माझा हात आखडला, ते तिनं बघितलं. ती थांबली, पण पेन परत मागितलं नाही.

सोमवारी वाट बंद झाली. मुलाला कुणी काही विचारलं नाही. तो तरी दोन आठवडे फोन वाजला की आधी नंबर बघायचा, मग माझ्याकडे. नात चार दिवस माझ्याशी इंग्रजीतच बोलली आणि मग एकदम विचारलं, "त्याचं नाव काय ठेवायचं?" मी म्हटलं, "काही नाही. नाव ठेवलं की हाका मारत बसशील."

माझी पाळी टीचरनं काढून घेतली नाही. फक्त नियम बदलला. आता कागद संध्याकाळपर्यंत थांबत नाही. सकाळी आठ वाजता, तिचा पहिला तास सुरू व्हायच्या आधी, तिचा फोन येतो. ती नमस्कारही करत नाही.

"अम्मा?"

आठला पाच कमी असतात तेव्हापासून मी पाण्यावरून नजर काढत नाही. काही सकाळी आई वर येते आणि तिची अलीकडची बाजू दिसते. तेव्हा मी फोन वाजू देते, उचलत नाही. ती वळेपर्यंत थांबते. मग उचलते आणि सांगते, "दो."